डिस्क दिसेनाशी झाली, तर आधी हात आवरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांची पानं लागायला लागली की अप्पा बळवंत चौक आणि सदाशिव पेठेतल्या डीटीपीवाल्यांकडून, फोटो स्टुडिओंतून, सोसायट्यांच्या कार्यालयांतून एक तक्रार हमखास वाढते: ‘हार्ड डिस्क दाखवतच नाही.’ पावसाळ्यात विजेची ये-जा चालू असली की त्यात भर पडते. डिस्क दुकानात नेली, तर पुष्कळदा काउंटरवरच निकाल लागतो. ‘फॉरमॅट मारावी लागेल’, नाहीतर ‘गेली, नवीन घ्या’. आमचा आक्षेप या घाईवर आहे. न दिसणाऱ्या डिस्कमधला डेटा अनेकदा जागच्या जागी असतो. तो जातो नंतरच्या अर्ध्या तासात, कुणीतरी भलतं बटण दाबल्यामुळे. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

सगळ्यात आधी डिस्क कुठपर्यंत दिसते ते बघावं. संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) जा आणि स्टोरेजच्या पानावर डिस्कचं मॉडेल नाव आहे का, क्षमता बरोबर आहे का, ते पाहा. नाव आणि क्षमता दोन्ही बरोबर असतील तर डिस्कचा बोर्ड आणि मोटर चालू आहे. दोष पार्टिशनमध्ये (डिस्कच्या पाडलेल्या भागांत), फाइल सिस्टीममध्ये (फाइलींच्या नोंदणीत) किंवा विंडोजमध्ये शोधायचा. बायोसमध्ये नावच नसेल, तर केबल, वीज, पोर्ट किंवा खुद्द डिस्क. आणि नाव अर्धवट, क्षमता शून्य असं काही विचित्र दिसत असेल, तर डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला स्वतःचा प्रोग्रॅम, अडकलं आहे. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत, डिस्क बंद करून ठेवावी.

बायोसमध्ये नाव नसताना पहिला संशय केबलवर घ्यावा. डेस्कटॉपमधल्या साटा (आतल्या डिस्कची नेहमीची जोडणी) डिस्कला सात पिनांची डेटा केबल आणि पंधरा पिनांची पॉवर केबल लागते. भिंतीवरचा स्विच बंद करून डेटा केबल बदला, पुन्हा पाहा. मग मदरबोर्डवरचा पोर्ट बदला, पुन्हा पाहा. दोन्ही एकदम बदललं तर दोष कशात होता ते कळत नाही. क्लिप नसलेल्या स्वस्त केबली कॅबिनेटच्या कंपनांनी सैल होतात, आणि साटाचं आतलं कनेक्टर साधारण ५० वेळा काढ-घाल करण्याच्या हिशोबानेच बनवलेलं असतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. केबलच खराब होती का, याचा पुरावा डिस्क स्वतःच ठेवते. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती दाखवतो. त्यातला १९९ क्रमांकाचा, सीआरसी एररचा आकडा (तिथे तो सी७ म्हणून दिसतो) वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा. हा आकडा नंतर कमी होत नाही. केबल बदलल्यावर तो आहे तिथेच थांबला, की काम झालं.

विजेच्या बाजूला तीन गोष्टी घात करतात. एक, मॉड्युलर पॉवर सप्लाय. त्याच्या केबलीचं डिस्ककडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येकाची वेगळी. जुन्या सप्लायची केबल नव्याला जोडली, तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन जोडलेल्या सगळ्या डिस्क एका क्षणात जळू शकतात. सप्लाय बदलला की केबलीही त्याच्याच वापराव्यात, ती बसली म्हणजे चालते असं नाही. दुसरी गोष्ट मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणाऱ्या छोट्या जोडण्या. एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेल्या जोडण्यांमध्ये आतल्या आत तारा भिडून आग लागण्याचे प्रकार झाले आहेत. वायर स्वतंत्र पिनांत दाबून बसवलेली जोडणी घ्यावी.

तिसरी गोष्ट नव्या मोठ्या डिस्कांची. २०१६ च्या साटा ३.३ मानकात तिसऱ्या पिनेला डिस्क दुरून बंद करण्याचं काम दिलं गेलं. जुन्या पॉवर सप्लायमध्ये त्या पिनेवर ३.३ व्होल्ट कायम असतात. परिणामी सर्व्हरसाठी बनवलेली किंवा मोठ्या एक्स्टर्नल खोक्यातून काढलेली डिस्क जोडली की फिरतच नाही, आणि चांगली डिस्क ‘डेड’ ठरते. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणाऱ्या पातळ टेपची) बारीक पट्टी लावली, किंवा ३.३ व्होल्टची तारच नसलेली मोलेक्सची जोडणी वापरली, की तीच डिस्क ठणठणीत चालते.

एक्स्टर्नल डिस्कच्या बाबतीत अडॅप्टरचा घोळ इतका सर्रास आहे की त्यावर थांबायलाच हवं. अडॅप्टर लागणारी साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर चालते. घरातल्या ड्रॉवरमध्ये तसल्याच जॅकचे राउटरचे, सेट टॉप बॉक्सचे, सीसीटीव्हीचे अडॅप्टर पडलेले असतात. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असला, तरी तो अनेकदा १ अँपिअर किंवा त्याहून कमीचा असतो. डिस्कला फिरायला लागताना काही सेकंद २ अँपिअरच्या आसपास लागतात. मग डिस्क फिरायला लागते, दम टाकते, पुन्हा प्रयत्न करते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की डिस्कच्या आतलं वाचणारं हेड गेलं. अडॅप्टरवरचा ‘आउटपुट’ वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच आणि अँपिअर मूळ अडॅप्टरइतके किंवा जास्त. योग्य अडॅप्टर पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो, पण जाताना जुना सोबत न्यावा.

चुकून १९ व्होल्टचा लॅपटॉपचा अडॅप्टर लागला तर डिस्क एकदम मूक होते. हेही वाटतं तितकं वाईट नसतं. डिस्कच्या बोर्डावर पॉवर कनेक्टरजवळ जादा व्होल्टेज अंगावर घेणारा एक संरक्षक डायोड असतो. तो शॉर्ट होऊन बाकीच्या बोर्डाला वाचवतो. मल्टिमीटरने १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांमध्ये जवळपास शून्य ओहम दाखवलं तर तोच उडाला असण्याची दाट शक्यता. सोल्डरिंग येणारा माणूस तो काढून डिस्क तात्पुरती सुरू करू शकतो; संरक्षण गेलेलं असतं, म्हणून डेटा काढून डिस्क निवृत्त करायची. असली डिस्क ‘बोर्ड बदलून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र एक प्रश्न विचारा: रॉम चिप हलवणार का? प्रत्येक डिस्कच्या हेडचे बारीक समायोजन-आकडे तिच्या स्वतःच्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. नुसता त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या डिस्क सहसा चालत नाहीत.

अडीच इंची पोर्टेबल डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते. जुना यूएसबी २ पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क उठताना मागणी याच्याही वर जाते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, हबला किंवा लांब केबलला लावलेली डिस्क म्हणूनच ‘टिक’ करून गप्प बसते. मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला, आखूड आणि नव्या केबलने लावून बघा. जुन्या पोर्टेबल डिस्कांचं ते रुंद, दोन भागांचं सॉकेट फार नाजूक असतं. केबल किंचित हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल, तर दोष सॉकेटमध्ये आहे.

यानंतर जे केलं जातं ते सगळ्यात घातक. एक्स्टर्नल डिस्क दिसत नाही म्हणून खोकं फोडून आतली डिस्क काढायची आणि सरळ डेस्कटॉपला जोडायची. कधी कधी हा उपाय बरोबर असतो, कारण बिघाड खोक्यातल्या छोट्या यूएसबी बोर्डात असतो. पण अनेक मोठ्या एक्स्टर्नल डिस्कांमध्ये तो बोर्ड डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) विंडोजला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतो. खोक्याबाहेर काढल्यावर पार्टिशनचा सगळा हिशोब आठपट चुकतो आणि विंडोज म्हणतं, डिस्क कोरी आहे. काही कंपन्यांच्या पोर्टेबल डिस्कांत तर पासवर्ड लावलेला नसला तरी तो बोर्ड सगळा डेटा एन्क्रिप्ट करत असतो. तो बोर्ड फेकला म्हणजे किल्ली फेकली. काही डिस्कांना साटा कनेक्टरच नसतं, यूएसबी सॉकेट बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. तेव्हा खोकं उघडलंच, तर त्यातला एकही तुकडा कचऱ्यात जाऊ देऊ नये, आणि ‘कोरी’ दिसणारी डिस्क आधी मूळ बोर्डावर परत लावून पाहावी.

मदरबोर्डच्या बाजूचे घोटाळे थोडक्यात. एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारख्या डिस्कच्या खाचेत) काही ठिकाणी फक्त एनव्हीएमई ही जलद जात चालते, साटा जातीची एम.२ डिस्क त्यात बसते पण दिसत नाही. पुष्कळ बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात. कोणते, ते बोर्डाच्या माहितीपुस्तकात छापलेलं असतं. लॅपटॉपला विंडोज टाकताना डिस्क दिसत नसेल, आणि प्रोसेसर इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर बायोसमधलं व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) बहुधा चालू असतं. इंटेलचा त्यासाठीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून दिला की डिस्क दिसते. आणि जुन्या डेस्कटॉपवर विंडोज अचानक निळा पडदा दाखवायला लागलं, सोबत घड्याळही मागे गेलं असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी बहुधा संपली आहे. बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला गेल्या, साटाचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) रेड किंवा आयडीईवरून एएचसीआय असा बदलला, म्हणून विंडोजला डिस्क सापडत नाही. बॅटरी घालून मोड पूर्वीचा करायचा. इथे डिस्क फॉरमॅट करणारे आहेत, याला काय म्हणावं?

आता बायोसमध्ये डिस्क दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये नाही, असा प्रकार. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. उघडताक्षणी खिडकी येऊ शकते: ‘इनिशलाइज डिस्क’. तिथे ‘कॅन्सल’. डिस्क उघडताना ‘फॉरमॅट करायची का’ असा प्रश्न आला, तिथेही ‘कॅन्सल’. विंडोज हे प्रश्न डिस्क तपासून विचारत नाही. त्याला वाचता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॅकवर तयार केलेली डिस्क विंडोजला जोडली तरी हाच प्रश्न येतो, आणि लग्नाच्या सीझनमध्ये एका स्टुडिओतून दुसरीकडे फिरणाऱ्या डिस्कांचा याच प्रश्नावर बळी जातो.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन निळ्या पट्टीत ‘हेल्दी’ दिसत असेल पण अक्षर नसेल, तर उजवी क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर’, आणि झालं. ‘ऑफलाइन’ लिहिलं असेल तर डाव्या बाजूच्या चौकोनावर उजवी क्लिक करून ‘ऑनलाइन’. ‘रॉ’ (फाइल सिस्टीम ओळखता आली नाही) किंवा ‘अनॲलोकेटेड’ (पार्टिशनच सापडत नाही) दिसत असेल तर थांबा. नुसतं इनिशलाइज झालं असेल तर डिस्कच्या फक्त टोकाकडच्या काही सेक्टरांवर लिहिलं जातं, ‘टेस्टडिस्क’सारख्या मोफत साधनाने पार्टिशन परत मिळू शकतं. क्विक फॉरमॅटनंतरही फिरत्या डिस्कवरचा बराच डेटा सापडतो. पण ‘क्विक’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं, की विस्टापासून पुढचं विंडोज सगळ्या डिस्कवर शून्य लिहितं. त्यानंतर कोणतीही प्रयोगशाळा काही करू शकत नाही.

‘चेकडिस्क मारून बघा’ हा सल्लाही असाच. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टीम सुसंगत करणं, तुमच्या फाइली वाचवणं नाही. डिस्क निरोगी आणि नुसती केबल ओढली गेली असेल तर ते ठीक. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर ते लिहीत सुटतं, फोल्डरांची नावं जाऊन ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात तुकडे जमा होतात. म्हणून आधी स्मार्टचे तीन आकडे पाहावेत: ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाचता न आलेले, प्रलंबित सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न झालेले सेक्टर). १९७ शून्याच्या वर असेल तर डिस्कवर काहीही लिहायचं नाही, विंडोजमधून फाइली ओढायच्याही नाहीत. विंडोज अडलेल्या सेक्टरवर पुन्हा पुन्हा वाचत राहतं आणि कमजोर हेड त्याच जागी घासत ठेवतं.

त्याऐवजी क्लोन (सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) काढावा. लिनक्स असलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘डीडीरेस्क्यू’ वापरायचं. दुसरी डिस्क तितक्याच किंवा मोठ्या क्षमतेची हवी. हे साधन पहिल्या फेरीत सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेला भाग सोडून पुढे जातं, आणि कुठे काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागा. मॅप फाइल तिसऱ्याच जागी ठेवावी, म्हणजे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवी. क्रम उलटा झाला तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर लिहिली जाते, म्हणून दोन्हींचे सीरियल नंबर पडद्यावर वाचून मगच एंटर. निरोगी १ टीबी डिस्कला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने तीन तासांच्या आत-बाहेर लागतात, आजारी डिस्कला दोन-तीन दिवसही लागू शकतात. पंखा लावून ठेवा. पुढची सगळी दुरुस्ती, टेस्टडिस्क असो की चेकडिस्क, त्या क्लोनवर.

हे सगळं डिस्क शांत असेल तर. ठराविक लयीत ‘टक्, टक्’ आवाज, खरवडल्यासारखा आवाज, किंवा लॅपटॉपच्या डिस्कमधून बारीक ‘बीप’ येत असेल आणि वीज पुरेशी असल्याची खात्री असेल, तर तत्काळ बंद. बीप म्हणजे बहुधा हेड तबकडीला चिकटून मोटर अडली आहे. हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवरून जातं, धुळीचा कण त्याहून कितीतरी मोठा. टेबलावर झाकण उघडून ‘हेड सोडवून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करून डिस्क परत घ्यावी; हे काम स्वच्छ हवेच्या कक्षातलं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून लोक देतात. पुण्याच्या पावसाळी हवेत थंड डिस्क बाहेर काढली की तबकडीवर दव धरतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवरच्या डिस्कला) आवाज नाही, त्यामुळे इशाराही नाही. काल चालत होती, आज बायोसमध्ये नाही. वीज अचानक गेल्यावर काही एसएसडीच्या आतल्या नोंदवह्या विस्कटतात. डेटा केबल काढून नुसती पॉवर २०-३० मिनिटं द्यावी, मग अर्धा मिनिट बंद, असं दोनदा करून पाहावं. काही वेळा ती स्वतः सावरते. मॉडेलऐवजी तिच्या कंट्रोलरचं (आतल्या मुख्य चिपचं) नाव दिसायला लागलं, तर फर्मवेअर कोसळलं आहे. डिलीट झालेल्या किंवा फॉरमॅट केलेल्या एसएसडीतून परत काही मिळण्याची आशा मात्र धरू नये, ट्रिम नावाची सोय त्या जागा लगेच मोकळ्या करून टाकते. ऑफिसांसाठी एक जास्तीची गोष्ट: २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, असं स्वतः जाहीर करून फर्मवेअर दिलं होतं. एकाच दिवशी बसवलेल्या दोन डिस्कांची रेड (एकच डेटा दोन्हींवर ठेवणारी जोडी) असली, म्हणून बॅकअप नको असं होत नाही; त्या जोडीनेही जाऊ शकतात.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवं विंडोज टाकलं की एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतही. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ती किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर असते. नसेल, तर धडधाकट डिस्कमधलाही डेटा कायमचा बंद.

शेवटी दुकानांबद्दल. डिस्क देताना पावतीवर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि ‘लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये, झाकण उघडू नये, आधी क्लोन काढावा’ हे वाक्यही. आमच्या व्यवसायातल्या चांगल्या माणसांना याचा राग येत नाही. वॉरंटीमध्ये डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही, जुनी डिस्कही परत येत नाही, आणि बदलून आलेली अनेकदा दुरुस्त केलेली असते. त्यामुळे डेटा हवा असेल तर वॉरंटीचा दावा नंतर. शहरातल्या संगणक विक्रेत्यांनी आपल्या छापील जॉब शीटवर ‘डेटा हवा / नको’ असे दोन चौकोन छापून घेतले, तरी निम्मी भांडणं काउंटरवरच मिटतील. छपाईचा खर्च फार नाही.

आपले,
संगणक दुरुस्ती व डेटा रिकव्हरीचं काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे